गॅलनभर पाणी

शेलारची आठवण आली की मला सगळ्यात आधी आमच्या बेडरूममधला दिवा आठवतो. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही खाली राहायचो आणि आमच्या डोक्यावर शेलार. तो राहायला आला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून पहाटे पाचला छताला टांगलेला दिवा लयीत हलायला लागला. धप्, धप्, धप्. इकडची ही घरं लाकडाची, वरच्याने खुर्ची ओढली तरी खालच्याला कळतं, आणि हे तर कुणी उखळात मिरच्या कांडत असल्यासारखं चालायचं. पाचव्या पहाटे माझं डोकं फिरलं. माझा नवरा सुहास पांघरुणातूनच म्हणाला, "जाऊ दे ना यार, नवीन आहेत, इंडियन आहेत." मी म्हटलं, इंडियन आहेत म्हणून जिना चढून जाते, नाहीतर सरळ अपार्टमेंटच्या ऑफिसात कंप्लेंट केली असती.

दार उघडलं ते घामाने निथळणाऱ्या एका माणसाने. उंची बेताचीच, पण दाराची चौकट त्याला अपुरी पडत होती. हातात, दूध मिळतं तसला एक गॅलनचा प्लास्टिकचा कॅन. त्यात पाणी, आणि कॅनवर काळ्या मार्करने आडव्या रेघा मारून प्रत्येक रेघेपुढे वेळ लिहिलेली. मी इंग्रजीत माझं भाषण सुरू केलं. तो घाबरून आत वळला आणि म्हणाला, "सुनंदा, खालच्या बाई आल्यात, बघ की जरा."

"अहो, मराठी आहात तुम्ही?" मी म्हटलं. "काय कांडताय पहाटे पहाटे?"

"बैठका, वहिनी."

"किती?"

"पाचशे. तीनशे वीस झाल्यात." मग फार अदबीने, "राहिलेल्या मारू का?"

मला हसू आलं आणि तिथेच मी हरले. दुसऱ्या दिवसापासून तो जुनी गादी अंथरून तिच्यावर बैठका मारायला लागला. आवाज गेला, दिवा मात्र हलत राहिला. त्यानंतर दोन वर्षं मला घड्याळाचा गजर लावावा लागला नाही.

मोहन शेलार इचलकरंजीचा. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणायची, पण मनात तो शेलारच होता आणि कागदावरही शेलारच राहू दे. एका इन्शुरन्स कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रॅमर होता, सुहासच्याच मजल्यावर बसायचा. एच-वन व्हिसा, ग्रीन कार्डाची फाइल कुठल्यातरी टेबलावर पडलेली, म्हणजे आम्हा सगळ्यांचं होतं तेच त्याचंही. फरक एवढाच की आम्ही सगळे ग्रीन कार्डाची वाट बघत होतो आणि हा पहिल्या नंबराची.

तालमीत वाढलेला मुलगा. पुढे शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत उतरला. कॉलेजात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला, सगळीकडे दुसरा आला. ती सगळी प्रमाणपत्रं त्याने अमेरिकेत आणली होती आणि बाथरूममध्ये लावली होती. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे हात धुवायला गेले तेव्हा आरशाच्या दोन्ही बाजूंना "द्वितीय", "द्वितीय" बघून दचकलेच. हॉलमध्ये मात्र सोफ्याच्या वर नुसता एक खिळा.

"तो कशासाठी?" मी सुनंदाला विचारलं.

"पहिल्यासाठी," ती म्हणाली. सुनंदा म्हणजे त्याची बायको. बोलायची कमी, पण बोलली की त्याच्या बोलण्याची हवाच काढून घ्यायची. "कॅलेंडर लावते म्हटलं तर लावू देत नाहीत, ताई. तारीख बघायला फ्रिजपर्यंत जायचं."

तो कॅन दिवसभर त्याच्या काखोटीला असायचा. दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, ठरलेल्या वेळी ठरलेल्या रेघेपर्यंत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅन, मुलांच्या वाढदिवसाला कॅन. एडिसनला ओक ट्री रोडवरच्या इंडियन दुकानात साडी घ्यायला गेलो तर दुकानदार त्याला म्हणाला, "साहेब, दूध फ्रिजमध्ये ठेवून देऊ का, नासेल." जेवण दिवसातून सहा वेळा आणि प्रत्येक वेळी काट्यावर तोलून. सुनंदा माहेरची शाकाहारी. ती नाकाला ओढणी बांधून कोंबडीचे तुकडे बिनमिठाचे उकडायची. अंड्याचं पांढरं तेवढं हा खाणार, पिवळं आमच्याकडे. त्या काळात मी इतके केक केले की माझी आठ वर्षांची रेवा एकदा म्हणाली, "आई, प्लीज, नो मोअर केक." असं म्हणणारं मूल मी दुसरं पाहिलेलं नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्या बायका त्याच्यामागे मोदक घेऊन लागायच्या. हा हात जोडायचा, प्रसादाला एक कण जिभेवर ठेवायचा आणि कोपऱ्यात जाऊन डबा उघडायचा. मुलं मात्र त्याच्यावर फिदा. "काका, डू द माउंटन!" रेवा ओरडायची. मग शेलार पाय रोवायचा, आधी पोट आत घ्यायचा, मग खांदे रुंद करायचा, मग दोन्ही हात वर नेऊन दंड फुगवायचा आणि सगळ्यात शेवटी हसायचा. शर्टाची शिवण कुरकुरायची. मुलांनी मोठ्याने पाच आकडे मोजायचे. पाच व्हायच्या आत हलायचं नाही, हा नियम.

"स्टेजवर जज तुमच्याकडं बघत असतोय का नाही, कळत नाही," तो सांगायचा. "म्हणून पाच मोजायचेच. कुणी बघू दे, न बघू दे. आणि तोंडावर हसू पाहिजे. आत जीव चाललेला असला तरी हसू."

मला गाडी चालवायला त्याने शिकवलं. सुहासबरोबर दोनदा प्रयत्न झाला होता आणि दोन्ही वेळा आम्ही अबोला धरून घरी आलो होतो. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही. पुण्यात आठ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई मी, इथे दुधाचा कॅन आणायचा तरी नवऱ्याची वाट बघायची. शेलारला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून एका शनिवारी किल्ल्या पुढे केल्या. त्याची शिकवायची पद्धत जिममधली. पॅरलल पार्किंगचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये बारा वेळा. दहाव्या वेळी माझे हात भरून यायचे. मी म्हणायची, पुरे. तो कॅनमधलं पाणी रेघेपर्यंत प्यायचा आणि म्हणायचा, "अजून एक. दमल्यावर जे करता वहिनी, तेवढंच अंगाला लागतंय. आधीचं नुसतं वॉर्म-अप." मी पहिल्या फटक्यात पास झाले. त्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन बाहेर पडले आणि एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आत बसूनच रडले. हे उपकार मी विसरले नाही. विसरले असते तर फार बरं झालं असतं.

त्याची अमेरिकेतली पहिली स्पर्धा आम्ही सगळे बघायला गेलो. शेजारच्या गावातल्या हायस्कूलचं सभागृह. स्टेजवर पंधरा-वीस जण, सगळ्यांनी अंगाला तपकिरी रंग फासलेला. गोऱ्यांचं मी समजू शकते, पण शेलार आधीच आपल्यासारखा सावळा, त्यानेही दोन हात मारले होते. सुनंदा म्हणाली, "जन्मभर सासूबाई यांना हळद लावत होत्या गोरं व्हायला, आणि आता बघा." आम्ही खूप हसलो. शेलार फार सुंदर दिसत होता. अंगावर कुठे फुगवटा नाही, सगळं घासूनपुसून ठेवल्यासारखं. त्याचा दुसरा नंबर आला.

परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "पहिला आलेला पोरगा मला म्हणाला, तू एवढं सगळं नुसत्या अंड्यांवर केलंस? आणि हसला."

ते हसू त्याच्या डोक्यात रुतून बसलं. पुढच्या सहा महिन्यांत आमच्या डोळ्यांदेखत तो बदलला. अंग वाढलं, म्हणजे वाढायचं थांबेचना. मान गेली कुठे कळेना. पाठीवर आणि खांद्यांवर पुरळ उठला. चेहरा सुजल्यासारखा आणि लाल. एरवी रेवाने त्याच्या खांद्यावर चढून केस ओढले तरी न बोलणारा माणूस, तो एकदा सुनंदावर कोंबडी जास्त शिजली म्हणून इतका ओरडला की मला खाली ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "ताई, ते मांडीत इंजेक्शन घेतात. व्हिटॅमिनचं म्हणतात. एवढं व्हिटॅमिन लागतं का हो माणसाला?"

मी म्हटलं, "विचारते."

विचारायची वेळ आली, ती तो स्वतःच रिपोर्ट घेऊन खाली आला तेव्हा. ऑफिसच्या इन्शुरन्ससाठी तपासणी झाली होती. डॉक्टरने पुन्हा भेटायला बोलावलं होतं आणि हा गेला नव्हता. "तुम्ही लॅबमध्ये होतात ना वहिनी, जरा बघता का?" मी कागद हातात घेतला. ब्लड प्रेशर भलतंच. किडनीचा अंदाज देणारं क्रिएटिनिन वाढलेलं.

"ते आमचं वाढलेलंच असतंय," तो घाईने म्हणाला. "मसल जास्त, म्हणून. जिममध्ये सगळ्यांचं असतंय."

ते काही अंशी खरं असतं, हे मलाही माहीत होतं. पण खालच्या ओळीत लघवीतून प्रोटीन जात असल्याचं लिहिलं होतं, आणि ते काही दंड मोठे असल्यामुळे जात नाही. मी त्याला समोर बसवलं आणि लॅबमध्ये पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचे त्या आवाजात सांगितलं, "भाऊजी, किडनीवर ताण आलाय. मांडीत जे काही टोचताय ते आजच्या आज बंद करा आणि उद्या डॉक्टरकडे जा. सुनंदाला सांगा, नाहीतर मी सांगते."

तो कॅनवरच्या रेघांकडे बघत म्हणाला, "मी सदतीसचा आहे वहिनी. अंग अजून एक वर्ष ऐकेल. नोव्हेंबरात स्पर्धा आहे. पहिला आलो की बंद. आईशप्पथ बंद. तिला सांगू नका, ती जेवायची नाही."

मी सांगितलं नाही. नोव्हेंबर काही फार लांब नाही, असं मी स्वतःला समजावलं. मला इतकं कळत होतं आणि तरी मी असं समजावलं, याचा राग मला आजही येतो.

त्या उन्हाळ्यात मी रेवाला घेऊन पुण्याला निघाले. अमेरिकेतला कुणीही मराठी माणूस इंडियाला निघाला की त्याची बॅग त्याची राहत नाही. जाताना चॉकलेटं, शाम्पू, कुणाच्या वडिलांसाठी रक्तातली साखर मोजायचं यंत्र. येताना भाजणी, मेतकूट, नवा चष्मा आणि औषधं. औषधं सगळेच मागवतात. तिकडे दुकानात जाऊन नाव सांगितलं की मिळतात, इथे डॉक्टरची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट. या पार्सलांना नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हटलं की मंडळात तोंड दाखवायला जागा उरत नाही. शेलार निघायच्या आदल्या दिवशी आला. "वहिनी, सांध्यांचं औषध आहे थोडं. गावाकडून मित्र आणून देईल तुमच्या आईकडे." माझ्याकडे न बघता बोलत होता. मी "बरं" म्हटलं आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

मित्र आला, चहा प्याला, पत्र्याचा एक डबा ठेवून गेला. वर शेंगदाण्याची चटणी. कस्टमच्या भीतीने कुणाचंही पार्सल मी उघडून बघतेच. चटणीखाली प्लास्टिकच्या पिशवीत इंजेक्शनच्या कुप्यांचे खोके होते आणि गोळ्यांच्या पाकिटांची चळत. कुप्या मला ओळखायला आल्या, स्टेरॉइडच्या. गोळ्या तर फारच चांगल्या ओळखायला आल्या, कारण माझ्या वडिलांच्या पायाला सूज यायची तेव्हा मी त्याच आणत असे. अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या. किडनीवर ताण आलेल्या माणसाने मागवलेल्या, तेही चांगली तीन-चार महिने पुरतील एवढ्या.

मी पार्सिपनीला फोन लावला. "भाऊजी, मी हे फेकून देतेय."

  तो बोलला, आणि तो रडतोय हे कळायला मला थोडा वेळ लागला, कारण एवढ्या मोठ्या माणसाचं रडणं इतकं बारीक येईल असं मला वाटलं नव्हतं. "वहिनी, फेकू नका. पाया पडतो तुमच्या. इथं मागं कुणाकडून घेतलं तसं परत घेतलं आणि सापडलो तर व्हिसा जाईल. मधेच सोडलं तर अंग आठवड्यात उतरतंय. मी वीस वर्षं दुसरा आहे वहिनी. एकदा. फक्त एकदा. नंतर मी कॅन फोडून टाकतो."

आई शेजारी बसून रेवाच्या वेणीला रिबीन बांधत होती. मी फोन ठेवला, डब्यात परत चटणी भरली आणि डबा बॅगेत माझ्या मेतकुटाशेजारी ठेवला. भीड पडली, दुसरं काय. त्याने मला गाडी शिकवली होती. न्यूअर्कच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने विचारलं, खायचं काही आहे का. मी म्हटलं, मसाले. रेवाचा हात धरून मी पुढे चालू लागले.

स्पर्धेच्या आधीचा आठवडा. अंगातलं पाणी घालवलं की कातडी स्नायूंना चिकटते आणि एकेक शीर दिसते, म्हणून सगळेच पाणी तोडतात. आधी अर्धा गॅलन, मग पाव, शेवटच्या दिवशी चमच्याने. आणि वर त्या गोळ्या. आदल्या दिवशी दुपारी तो खाली आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते आणि ओठ फुटले होते. रेवा संत्र्याचा ज्यूस पीत होती. तो तिच्या ग्लासकडे इतका एकटक बघत राहिला की तिने ग्लास पुढे केला. "काका, यू वॉन्ट सम?" त्याने नको म्हणून मान हलवली. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊजी, आत्ता पाणी प्या. माझ्यासमोर प्या. स्पर्धा गेली खड्ड्यात." त्याने माझ्याकडे बघून ते स्टेजवरचं हसू केलं. "अजून एक दिवस, वहिनी."

मी त्याच्या तोंडात पाणी ओतायला हवं होतं.

सकाळच्या फेरीत, मला त्यातलं काही कळत नाही तरी, दिसत होतं की त्याच्यासारखा तिथे कुणी नाही. जज पुन्हा पुन्हा त्याला ओळीच्या मध्यभागी उभं करत होते, आणि मध्यभागी उभा राहतो तो पहिला, एवढं सुनंदाला माहीत होतं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दुपारनंतर अंतिम फेरी, आणि त्याआधी सुनंदा त्याला बघायला आत गेली. माइकवरून नाव पुकारलं, "मोहन शिलर." टाळ्या झाल्या. पडद्यातून कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा त्या माणसाच्या आवाजात प्रश्न होता. मग बाजूच्या दारातून सुनंदाचा आवाज आला, "ताई!"

तो आत लादीवर पडला होता. पोटऱ्यांत गोळे आले होते, कातडीखाली काहीतरी जिवंत असल्यासारखे ते सरकताना दिसत होते. घामाने रंगाचे ओघळ लादीवर आले होते. कमरेला अडकवलेला एकतीस नंबरचा बिल्ला वाकडा झाला होता. मी वाकले तर तो पाणी मागत नव्हता. तो विचारत होता, "नंबर पुकारला का?"

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि तिने विचारलं, हा माणूस काय घेत होता. सुनंदा म्हणाली, "व्हिटॅमिन्स." डॉक्टरीण म्हणाली, प्लीज, मला खरं सांगा, वेळ नाही. सुनंदा पुन्हा म्हणाली, "ओन्ली व्हिटॅमिन्स, आय स्वेअर." तिला खरोखर तेवढंच माहीत होतं. मग मी बोलले. कुप्यांचं नाव सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, किती होत्या तेही सांगितलं. डॉक्टरीण लिहून घेत आत पळाली.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला कसं माहीत, ताई?"

"मीच आणलं," मी म्हटलं. "उन्हाळ्यात. मला माहीत होतं."

ती उठली आणि चार खुर्च्या सोडून पाचव्या खुर्चीवर जाऊन बसली.

शेलार वाचला. किडन्या वाचल्या नाहीत. त्या आधीच अर्ध्या गेल्या होत्या, त्या एका आठवड्याने उरल्यासुरल्या गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळच्या गुणांत तो पुढे होता, असं नंतर जिममधल्या कुणीतरी सुहासला सांगितलं. मी ते शेलारपर्यंत पोचू दिलं नाही. बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

मग आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. अंग असं उतरलं की ऑफिसातले लोक त्याला लिफ्टमध्ये ओळखेनात. पहाटे पाचला मला जाग यायची आणि मी दिव्याकडे बघत पडायची. दिवा हलत नव्हता. सुनंदा जिन्यात भेटली की भिंतीकडे सरकून मला वाट द्यायची. मी डबे पाठवायची, ते धुऊन, पुसून दाराशी ठेवलेले असायचे. सव्वा वर्षात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

शेलार मात्र यायचा. सोफ्यावर बसायचा, दम खायचा. खिशात एक छोटी बाटली असायची, तिच्यावर तशाच काळ्या मार्करच्या रेघा आणि तशाच वेळा. लघवी जवळजवळ होतच नव्हती, त्यामुळे दिवसभराचं पाणी तेवढंच, भात-भाजीतलं धरून. एकदा घोट घेऊन त्याने झाकण लावलं आणि मला म्हणाला, "सवय आहे मला. स्पर्धेचा आठवडाच आहे समजा. फक्त संपत नाही."

मी तेव्हा पहिल्यांदा त्याच्यासमोर रडले. म्हटलं, "मी तो डबा आणायला नको होता."

"तुम्ही नसता आणला तर दुसऱ्या कुणाकडून आणला असता," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल, पण त्याने मला अजिबात बरं वाटलं नाही.

कंपनीने कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. व्हिसाची सहा वर्षंही भरत आली होती. इन्शुरन्स संपायच्या आत परत जायचं ठरलं. कोल्हापुरात डायलिसिसची सोय होती, आणि सुनंदाची किडनी जुळते का तेही तिकडेच बघायचं होतं. घर सोडताना तिने हॉलमधला तो खिळा काढला आणि भोकात टूथपेस्ट भरली, कारण भिंत जशी होती तशी द्यावी लागते.

जानेवारीच्या एका दुपारी मीच त्यांना न्यूअर्कला सोडायला गेले. शेलार पुढच्या सीटवर बसला होता. हायवेवर मी लेन बदलली तेव्हा सवयीने म्हणाला, "आरसा बघा," आणि मग, "बघितलात. शाबास." सुनंदा मागे खिडकीतून बाहेर बघत होती.

बॅगा वजनकाट्यावर चढल्या. सुनंदाने काट्यावरचा आकडा वाचला, थोडी थांबली आणि मागे वळून सव्वा वर्षाने पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ताई, दोन किलो जागा आहे. काही न्यायचंय का इंडियाला?"

निघणारा प्रत्येक माणूस प्रत्येकाला हे विचारतो. मीही शेकडो वेळा विचारलं आहे.  मी नुसती नको म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "बरं," आणि बॅगेची चेन ओढली. तिने मला माफ केलं होतं की नुसती रीत पाळली होती, मी अजून विचार करते.

सिक्युरिटीच्या दोरीपाशी मी थांबले. ते दोघं रांगेत पुढे सरकत गेले. तिथल्या माणसाने शेलारच्या खिशातली छोटी बाटली काढून हातात धरली आणि कचऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. पाणी आत नेता येत नव्हतं. प्या, नाहीतर ओता. सुनंदा हातवारे करून काही सांगत होती, पर्समधून कागद शोधत होती. शेलारने तिचा हात धरून तिला थांबवलं. दिवसभराचं पाणी एकदम पिणं त्याला शक्य नव्हतं. त्याने झाकण उघडलं, पिंपावर वाकून सावकाश बाटली रिकामी केली आणि रेघांची बाटली परत खिशात ठेवली.

मग त्याला बाजूला घेतलं. पायात मोजे, अंगात कमरेपाशी ढगळ झालेला जुना शर्ट. निळ्या शर्टातल्या त्या माणसाने, हातातल्या यंत्राने तपासायचं म्हणून, हात वर करायची खूण केली. शेलारने पाय रोवले. आधी पोट आत घेतलं. मग खांदे रुंद केले, मग हात वर नेले, आणि डाव्या हाताची बाही खाली घसरून डायलिसिसच्या सुयांनी सुजलेली शीर उघडी पडली. सगळ्यात शेवटी तो हसला. यंत्र त्याच्या काखेतून, कमरेवरून फिरून गेलं. तो माणूस "ओके, सर" म्हणून पुढच्या प्रवाशाकडे वळलासुद्धा, तरी शेलारचे हात वरच होते.

मी दोरीच्या अलीकडे उभी राहून मोजायला लागले. पाच झाले, तेव्हा त्याने हात खाली घेतले.